मुधोळचा जावई

सुवर्णाची पिशवी आतल्या खोलीच्या दाराआड भरून तयार होती, आणि हे घरात तिच्या नवऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. करणला ठाऊक असणं म्हणजे कोणालाच ठाऊक नसणं. आठ दिवसांपासून तो म्हणत होता, "बोलतो न मी आईसंग." रात्री म्हणायचा आणि सकाळी उठून वखर घेऊन वावरात पळायचा. आता धोंड्याच्या महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला होता. उद्या अमावास्या. महिना संपला की पुन्हा तीन वर्षं बोलायचं काम नाही. आणि करणराव काय करत होते? तर बैठकीतल्या कूलरमध्ये बादलीबादलीनं पाणी ओतत होते, कारण जावईबापूंना गरमी सहन होत नाही.

आदिलाबादेजवळच्या बेला गावातल्या या घरात जावयाचं वेड पिढीजात होतं. सुवर्णाचे सासरे यशवंतराव, त्यांच्या बहिणीचे यजमान, वामनराव, धोंड्याच्या महिन्यात यायचे ते महिनाभर मुक्काम ठोकायचे आणि जाताना नव्या धोतरात पुढच्या वेळच्या जेवणाची फर्माईश करून जायचे. ते गेले, तोवर करणच्या बहिणीचं, रुपाचं, लग्न झालं आणि देवानंद आला. बेल्लमपल्लीच्या खाणीत नोकरी, कंपनीचं क्वार्टर, बोलायला अगदी गरीब. त्याच्यासाठी धोंडे, अनारसे, आमरस, सरगुंडे, पाय धुणं, वाण, सगळं यथासांग व्हायचं. फक्त या घरचा मुलगाही कोणाचा तरी जावई आहे, मुधोळला त्याचीही एक सासू आहे, ती बाई याच महिन्यात दाराकडे डोळे लावून बसत असेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. सुवर्णाच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. करण मुधोळला लग्नाकार्याला गेला, मयतीला गेला, बैल घ्यायलाही गेला. धोंडा खायला गेला नाही.

या वेळी मात्र सुवर्णानं ठरवलं होतं. मायनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, "या बारीला या गं दोघं. फुडच्याचं मी काही सांगत नाही." मथुराबाई तशी रडकी बाई नव्हे. म्हणूनच सुवर्णाला ते लागलं. हा रविवार तिनं मुधोळसाठी धरून ठेवला आणि परवा संध्याकाळी रुपाचा फोन आला, की याइची सुट्टी आत्ता मंजूर झाली, रविवारी येतो. सासूबाईंनी आनंदानं फोनवरच देवाला हात जोडले, आणि सुवर्णानं हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली.

"मी जेवनं झाल्यावर सांगतो," करण आता बादली ठेवत हळूच म्हणाला. "दोनच्या बसनं निघू."

"तुमी कालपन हेच म्हनत होते."

"आज नक्की."

"जेवनं चार वाजेपरेंत चालतात आपल्या घरी. दोनची बस काय आपल्यासाठी थांबते?" एवढं बोलून ती पुरण वाटायला बसली. तिला राग आला होता आणि राग करायला वेळ नव्हता.

उंबऱ्यावर दामिनी आंबे पिळत होती. सुवर्णाची ही लेक आदिलाबादेत एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवते. शाळा याच आठवड्यात उघडायची होती आणि पहिलाच धडा वाक्प्रचारांचा. रसाचे हात वर धरून ती समोर उभ्या केलेल्या मोबाइलवरून पाठांतर करत होती.

"आजी, ऐक न. हे सारे एकाच मतलबाचे हायेत. लोकाइची मर्जी राखासाठी जिवाचा आटापिटा कराचा. पहिला, बेंड ओव्हर बॅकवर्ड्स. म्हंजे दुसऱ्याले खूश कराले मानूस पाठीमांगं वाकते."

"मांगं?" आधीच करून ठेवलेल्या पिठाच्या अनारशाला खसखस लावता लावता कौशल्याबाई थांबल्या. "मांगं वाकून कोनाची सेवा होते वो? पाया पडाचं त पुढं वाकावं लागते. कंबर मोडून घेतात काय ते लोक?"

"दुसरा, वेट ऑन समवन हँड अँड फूट. समोरच्याच्या हातापायाशी तयार उभं राहाचं."

"हे बराबर हाय. हे आपल्यातलंच दिसते."

"फॉल ओव्हर वनसेल्फ. इतकी घाई कराची, इतकी घाई कराची, का सोताच्याच अंगावर पडाचं!"

"बाप्पा बाप्पा!" कौशल्याबाई हसून लोटपोट झाल्या. "हे त तुझ्या आबाजीची बहीन करे. वामनराव आले म्हटलं का घरभर आपटत फिरे."

सुवर्णाही हसली. हसताना तिचा हात पुरणावरून थांबला नाही.

कौशल्याबाईंना लोक हौशी म्हणत, पण जावयाच्या बाबतीत ती हौस नव्हती, भीती होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या लहान असताना त्यांची थोरली बहीण सोजर नवऱ्याबरोबर अशीच धोंड्याच्या जेवणाला आली होती. पानावर तूप यायला उशीर झाला. जावई भरल्या ताटावरून उठला, बायकोला उठवलं आणि बैलगाडी जुंपली. त्यानंतर सोजरला माहेरी पाठवायचं बंद झालं. माय मेली तेव्हा आली, ती तोंड बघायला. तेव्हापासून कौशल्याबाईंच्या मनात एकच हिशेब पक्का बसला होता, की जावयाच्या पानावर काही कमी पडलं की आपली लेक गेली. देवानंद तसा माणूस नाही हे त्यांना पंधरा वर्षांत कळायला हवं होतं. कळलंही होतं, पण भीतीला त्याचं काय!

नवाच्या सुमाराला गाडी दारात आली. रुपा उतरली ती थेट आईच्या गळ्यात, आणि देवानंद उतरला तो सुवर्णानं पुढे केलेल्या तांब्याच्या पाण्यात. पाय धुणं झालं, टिळा झाला, कूलर त्याच्याकडे तोंड करून लावला गेला. यशवंतराव भिंतीशी खाटेवर घामाघूम बसले होते. देवानंद म्हणाला, "मामाजी, इकडं बसा न हवेत." तेव्हा घरातून एकदम तीन आवाज आले, "नाई नाई, तुमीच बसा!" बिचारा बसला.

पान वाढलं तेव्हा साडेबारा झाले होते. सुवर्णानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, करणनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. यशवंतराव, देवानंद आणि करण पंगतीला बसले. कौशल्याबाईंच्या हातात धोंड्यांचं पातेलं, सुवर्णाच्या हातात तुपाची तपेली, आणि रुपा पंखा घेऊन नवऱ्याच्या बाजूला.

आता देवानंदाचं ऐका. या माणसाला गेल्या वर्षी साखर निघाली होती. रोज दोन गोळ्या. डॉक्टरनं गोड बंद म्हणून बजावलेलं. बायकोला त्यानं शपथ घातली होती, "मामीले सांगू नोको, त्याइच्या जिवाले लागन." आणि अनारसे तर त्याला कधी आवडलेच नव्हते. लग्नाच्या वर्षी भीड म्हणून अकरा खाल्ले, तेव्हापासून या घरात त्याची आवड म्हणून अनारसे होतात. पण खरी अडचण त्याच्या आईची होती. सासुरवाडीला निघताना तिनं पहिल्याच वेळी शिकवून ठेवलं होतं, "सासूच्या हाताले पुरे म्हनू नोको. तिनं प्रेमानं वाढलेलं हाय. ती थांबन तवा थांबजो." आणि कौशल्याबाईंच्या घरची शिस्त अशी, की जावई आपल्या तोंडानं पुरे म्हणत नाही तोवर वाढणारीचा हात थांबता कामा नये. एक थांबायची वाट पाहत होता, दुसरी पुरे ऐकायची. असं पंधरा वर्षं चाललं होतं.

चौथा धोंडा पानात पडला. त्यावर तूप पडलं. देवानंदानं घाम पुसला आणि वेळ काढायला दामिनीकडे वळला. "काय शिकवता मॅडम यंदा पोराइले?"

"वाक्प्रचार. पन एक पंचाईत झाली." दामिनी दाराशी टेकून उभी होती. सकाळपासून तिच्या आवाजात काहीतरी चढत होतं. "परत्येकाचं एक वाक्य तयार कराचं हाय. मी सकाळपासून करून राह्यली, त साऱ्या वाक्याइत मानूस एकच येते. माझी आई पाहुण्याइच्या हातापायाशी उभी राह्यते. माझी आई सगळ्याइसाठी पाठीमांगं वाकते. माझी आई घाईत सोताच्याच अंगावर पडते. दुसरं कोनी सुचतच नाई मले."

सगळे हसले. सुवर्णाही हसली आणि म्हणाली, "चूप बस वो, रस आन."

यशवंतराव मात्र घास हातात धरून विचारात पडले. म्हातारा कमी बोलतो, पण एखादं बोलतो. "काऊन वो पोरी, हे सारं करनाऱ्याले नाई म्हनाचं असलं, त इंग्रजीत काय म्हनतात?"

"नो म्हनतात, आबाजी."

"बस? एवढुसं?"

त्याच वेळी फळीवर सुवर्णाचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात गुंतलेले. दामिनीनं फोन घेतला, स्पीकर लावला, आणि मुधोळचा आवाज आख्ख्या पंगतीत घुमला. "सुवर्णा, निघालात का गं? जावईबापू आहेत ना संगं? मी पाणी तापवून ठेवू का पाय धुवायला?"

कूलर तेवढा घरघरत राहिला.

"कुठं निघाले?" कौशल्याबाईंनी विचारलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. करण वरणभातात मान घालून बसला होता. इतकं मन लावून वरणभात कोणी खात नाही.

"काई नाई, मामी," सुवर्णा घाईनं म्हणाली. "आज मुधोळले जाऊ म्हनलं होतं, धोंड्याले. पन आता रुपाताई आल्या हायेत. मी सांगते मायले, जमत नाई म्हनून. तिले आदत हाय. तुमी वाढा." आणि तिनं देवानंदाच्या पानावर तुपाची धार धरली.

धार पानावर पडलीच नाही. मध्ये देवानंदाचा हात आडवा आला होता.

"पुरे," तो म्हणाला.

कौशल्याबाईंच्या हातून झारा पातेल्यात पडला. पंधरा वर्षांत या पानावरून हा शब्द आला नव्हता, आणि आला तो असा, अर्धं जेवण राहिलेलं असताना. सोजर, तिचा नवरा, ती बैलगाडी, सगळं त्यांच्या अंगावर आलं. "काय चुकलं, बापू?" त्या तुपाच्या तपेलीकडे धावल्या. "तूप कमी पडलं काय? मी दुसरं आनते, तुमी उठू नोका. उठू नोका तुमी!"

"मामी, मामी," देवानंद घाबरला. "काई चुकलं नाई. माझं पोट भरलं. दुसऱ्याच धोंड्याले भरते दर वेळी."

"मंग पुरे काऊन नाई म्हटलं?"

"तुमी थांबाची वाट पाहत होतो न. आईनं सांगून ठेवलं होतं."

"अन मी तुमी पुरे म्हनाची!"

रुपा पंखा खाली ठेवून म्हणाली, "याइले साखर निघाली हाय, आई. सालभर झालं. मले शपथ घातली होती." तिला रडू येत होतं की हसू, हे तिलाच समजत नव्हतं.

"अन अनारसे?" कौशल्याबाई म्हणाल्या.

देवानंदानं मान खाली घातली. "मले नाई आवडत, मामी."

यशवंतराव हसायला लागले. आधी हळू, मग पाट हलेपर्यंत. "म्हंजे पंधरा वर्षं तांदूळ भिजवू भिजवू हे मेली," त्यांनी बायकोकडे बोट केलं, "अन खाऊ खाऊ हे मेले! बाप्पा, काय मानसं हाय आपल्या घरात." त्यांच्या हसण्यानं सगळेच सुटले. कौशल्याबाई हसता हसता पदरानं डोळे पुसत होत्या.

पण देवानंद हसत नव्हता. त्यानं हात अजून पानावरच ठेवला होता. "मी पुरे म्हटलं ते वहिनीसाठी. दोनची बस मिळन न अजून? निघा तुमी."

"तुमाले टाकून?" सुवर्णा म्हणाली.

"मी काय लहान लेकरू हाओ?"

फोनमधून आवाज आला. मथुराबाई अजून लाइनवरच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मी ठेवते हो, विहीणबाई. तुमचं जेवण चालू आहे. राहू द्या त्यांना, माझं काही म्हणणं नाही."

"ठेवू नोका!" कौशल्याबाईंनी फोन हातात घेतला. धोंड्याच्या पुरणानं तो बरबटला. "इहीनबाई, खरं सांगा. धोंडे केले काय तुमी?"

"केले की. दर बारीला करते."

"दर वेळी?" आता सुवर्णा पुढे आली. "माय, तू त म्हने का यंदा केलेच नाई, तुमी घोर करू नोका. मागच्या वेळी म्हटलं, त्याच्या आंधीपन."

"मग काय सांगू बाई तुला? तू तिथं रडत बसली असतीस, आन तिथं पाहुणे पानावर." मथुराबाईचा आवाज अगदी सरळ होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "गल्लीतल्या लेकरांना वाटते मी. आमच्या जावयाचे धोंडे म्हणून वाटते. साऱ्या लेकरांना करणरावांचं नाव पाठ आहे. कधी पाहिलं नाही त्यांनी, पण नाव ठाऊक आहे."

कौशल्याबाई तिथंच, पंगतीच्या मधोमध, जमिनीवर बसल्या. हे ऐकणं त्यांना जड गेलं. आपल्या लेकीच्या पायी त्यांनी आयुष्यभर जीव टाकला होता, आणि तेच करणारी दुसरी माय एवढी वर्षं तिकडे धोंडे वळत बसली होती. तिची लेक आपल्याच स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. सोजरची माय आणि मथुराबाई यांत फरक तो काय? आणि या खेपेला माहेर तोडणारं कोणी दुसरं नव्हतं.

"मले काऊन नाई सांगितलं वो?" त्यांनी सुनेला विचारलं. "मी नाई म्हटलं असतं काय?"

"नसतं म्हटलं, मामी. हो म्हटलं असतं अन मनात कष्टी झाल्या असत्या. ते मले पाहवलं नसतं."

"अन मायले कष्टी पाहवलं तुले?"

तपेली खाली ठेवून सुवर्णा सासूजवळ बसली, आणि बसताच इतका वेळ दाबलेलं रडू आलं. कौशल्याबाईंनी तिला जवळ ओढलं. "माझी चुकी झाली वो माय. मी माझ्याच लेकीपुरती पाहत राह्यली." मग डोळे पुसून त्या करणकडे वळल्या, आणि तो सूर या घरात सगळे ओळखत होते. "ऊठ रे."

"जेवन?"

"टाक ते. तुझं जेवन आज इथं नाई. एवढा बाप्या मानूस, बायकोच्या मायकडं जाचं म्हनाले तोंड उघडत नाई तुझं? ऊठ, चांगला सदरा घाल."

करण उठला. हात धुताना त्याचा चेहरा शाळेतून सुटलेल्या पोरासारखा झाला होता, पण आईसमोर तो दाखवायची त्याची हिंमत नव्हती. बस आता मिळणार नव्हती, तेव्हा देवानंद गाडीची किल्ली घेऊन पुढे झाला. कौशल्याबाईंनी कपाळाला हात लावला. "जावयाले डायव्हर करता काय रे!"

"बसून बसूनच खाल्लं न इतके वर्षं, मामी. जरा हिंडू द्या. डॉक्टरपन हेच म्हनते."

"भांडे पडले सारे," सुवर्णा दारातून म्हणाली. "रातच्यासाठी कनिक—"

"निघ!" सासू, नणंद आणि लेक एकदम ओरडल्या. रुपानं तिच्या हातातला कपडा हिसकून घेतला आणि पदर खोचला. यशवंतराव उठून कूलरसमोर जाऊन बसले.

आदिलाबाद गेलं, निर्मल गेलं. भैंशाच्या पुढे रस्त्याच्या कडेला नांगरून ठेवलेली काळी वावरं लागली तेव्हा ऊन उतरत आलं होतं. सुवर्णा मागच्या सीटवर नवऱ्याशेजारी बसली होती. वाटेत देवानंदानं दोनदा चहाला गाडी थांबवली आणि दोन्ही वेळा ती उठून कप आणायला निघाली, तेव्हा करणनंच तिला बसवून चहा आणून दिला. दुसऱ्यांदा त्यानं साखर कमीची आहे का तेही विचारून आणलं, आपल्या मेव्हण्यासाठी. चहा गरम असतानाच प्यायची संधी तिनं सोडली नाही.

मुधोळला दारात मथुराबाई उभी होती, आणि तिच्यामागे गल्लीतली आठ-दहा पोरं. "हे का करणराव?" एकानं मोठ्यानं विचारलं. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. पाट मांडलेला होता, पितळी परात होती, पाणी कोमट होतं. देवानंदालाही ती आग्रह करायला लागली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "आज यांचा मान हाय, माय. मी नुसता गाडी घेऊन आलो." करण पाटावर बसला आणि आपले भेगाळलेले पाय त्यानं लाजत परातीत ठेवले. सासूनं ते चोळून चोळून धुतले, टाचांपर्यंत, आणि पदरानं पुसले. सुवर्णा सवयीनं तांब्या घ्यायला पुढे झाली, तर मायनं नुसत्या डोळ्यांनी तिला मागं बसवलं.

मग तिनं कुंकवाची कुयरी घेतली आणि जावयाच्या तोंडाजवळ आली. इतक्या जवळून तिनं त्याला लग्नाच्या मांडवात पाहिलं होतं, तेव्हा अंगठा लावायलासुद्धा केस बाजूला करावे लागले होते. तिनं कपाळ पाहिलं. ते मागं मागं सरकत पार टाळूपर्यंत गेलं होतं आणि उरलेले केस पांढरे झाले होते.

"अगं बाई," मथुराबाई म्हणाली, "केवढं कपाळ झालं हो तुमचं, जावईबापू. टिळा लावू तरी कुठं?"

पोरं खो खो हसली. देवानंद हसला, सुवर्णा हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडातून हुंदका फुटला. करण हसला नाही. म्हाताऱ्या सासूचा हात पोचावा म्हणून त्यानं मान आणखी खाली वाकवली.